कॅमेरा म्हणजे खोली

(हिंजवडी येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या आणि संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘ब्राउझरमधून होणारी व्हिडिओ भेट : सुधारणा आणि सहाय्य’. तो ऐकून तुमच्यातल्या निम्म्या जणींना वाटले असेल, हा संगणकवाल्यांचा विषय, आपण चहाला उठू. उरलेल्या निम्म्या जणी इथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करतात. त्यांना वाटले असेल, आठवडाभर हेच करतो, सुटीच्या दिवशी पुन्हा तेच का? दोघींनाही थोडा वेळ बसायची विनंती आहे. कारण एकीला जे माहीत आहे ते दुसरीला माहीत नाही, आणि त्या मधल्या फटीत आज अनेक बायका अडकल्या आहेत.

एका शब्दापासून सुरुवात करते. कोर्टात ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईला वाटते, आपले चित्रीकरण होणार. अर्थ नेमका उलटा आहे. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, बघ्यांना बाहेर ठेवून. फोटो काढणाऱ्या यंत्रालाही ते नाव मिळाले कारण ते मुळात एक अंधारी खोलीच होते. आज आपल्या हातात यंत्र आले आहे. प्रश्न आहे खोलीचा.

ही खोली बाईला कोणी दान दिलेली नाही. मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ साली फौजदारी कायद्यात बदल झाला आणि बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद खोलीत घेणे बंधनकारक झाले. ती तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ११ ने नवरा-बायकोपैकी कोणीही मागणी केली तर सुनावणी बंद खोलीत घ्यावी असे सांगितले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही कलम १६ आहे. बाईला मोकळेपणाने बोलायचे तर दार बंद हवे आणि दाराच्या आत तिला भीती दाखवणारे कोणी नको, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला इतकी वर्षे लागली.

मग व्हिडिओ आला. २००३ साली महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साक्षीदाराने प्रत्यक्ष कोर्टात येऊन उभे राहिलेच पाहिजे असे नाही, अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घेता येईल. २०१७ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या दिवाणी न्यायालयाने एका जोडप्याला परस्पर संमतीने घटस्फोट दिला. पत्नी लंडनहून स्काइपवर बोलली, पती सिंगापूरहून येऊन कोर्टात हजर राहिला. दोघेही आधी इथल्या हिंजवडीतल्या कंपन्यांत नोकरीला होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. शिकलेली, कमावती, स्वतःच्या खोलीत बसून बोलू शकणारी दोन माणसे. तिथे काही अडले नाही.

पण सगळ्या बायका अशा स्थितीत नसतात. त्याच वर्षी मार्चमध्ये कृष्णा वेणी नगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटले की नवरा एका शहरात, बायको दुसऱ्या शहरात असेल तर खटला हलवण्याऐवजी व्हिडिओवरून सुनावणी करावी. ऑक्टोबरमध्ये संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या खटल्यात तीन न्यायमूर्तींपुढे तो निकाल फिरला. दोघांचे मत पडले की वैवाहिक प्रकरणात गुप्तता आणि बाईची प्रतिष्ठा महत्त्वाची आहे. समेटाचे प्रयत्न संपल्यावर आणि दोन्ही बाजूंची संमती असेल तरच कुटुंब न्यायालयाने व्हिडिओला परवानगी द्यावी. तिसरे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत लिहिले. तंत्रज्ञानाला असे दार बंद करणे बरोबर नाही, त्यात प्रवास न परवडणाऱ्या बाईचेही नुकसान आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

या दोन मतांपैकी आपण कुठल्या बाजूला? मला विचाराल तर दोन्हींकडे आपली बाई उभी आहे. मूल कडेवर घेऊन, कामाचा खाडा करून, प्रत्येक तारखेला एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी बाई आपली आहे. आणि सासरच्या माणसांच्या देखत पडद्यापुढे बसवलेली, ‘मला काही तक्रार नाही’ असे बोललेली बाईसुद्धा आपलीच आहे. पहिलीला खिडकी हवी, दुसरीला खोली हवी. नुसती खिडकी देऊन खोली काढून घेतली, तर १९८३ साली मिळवलेले आपण २०२० नंतर गमावून बसू.

२०२० हे साल मुद्दाम घेतले. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि ६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांसाठी व्हिडिओ सुनावणीच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या सूचनांमधल्या दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत. एक, ज्या पक्षकाराकडे साधन नाही त्याच्यासाठी कोर्टाने सोय उपलब्ध करून द्यावी. दुसरी, चित्र आणि आवाज यांबद्दल तक्रार करण्यासाठी मदतीची दूरध्वनी सेवा असावी, मात्र तक्रार सुनावणी चालू असताना किंवा संपल्यावर लगेच करावी, नंतर ती ऐकली जाणार नाही. म्हणजे आवाज तुटला, प्रश्न ऐकू आला नाही, बाईने घाबरून ‘हो’ म्हटले, आणि तिने तिथल्या तिथे हात वर केला नाही, तर ते तिचे उत्तर ठरण्याचा धोका आहे. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने तपासणी, चौकशी, खटला हे सारे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायची मुभा दिली आहे. तेव्हा व्हिडिओ हवा की नको हा वाद मागे पडला. तो कसा असावा, यावर आपले म्हणणे आहे की नाही, एवढेच उरले आहे.

बाईच्या बाजूला काय परिस्थिती आहे ते बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांचाही फोन रात्री कोण तपासतो, कुलपाचा आकडा कोणाला माहीत असतो, हे आपल्या समुपदेशन केंद्रांना वेगळे सांगायला नको. आणि हिंजवडी-वाकड पट्ट्यात आणखी एक गोष्ट झाली. टाळेबंदीनंतर अनेक घरांचे ऑफिस झाले. पूर्वी नवरा कंपनीच्या बसने गेला की दिवसाचे काही तास घर तिचे असे. आता तो कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसलेला असतो. तिला फोनवर बोलायला गच्ची नाहीतर पार्किंग शोधावे लागते. शिक्षण, पगार, फ्लॅट सगळे असूनही तिला खोली नाही.

आता यंत्राकडे वळते. काही व्हिडिओ सेवांसाठी मोबाइलवर वेगळे ॲप घ्यावे लागते, खाते उघडावे लागते, फोन नंबर द्यावा लागतो. ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी, ज्यातून आपण वेबसाइट बघतो ते. २०११ मध्ये गुगलने वेब-आरटीसी नावाचे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि २०२१ च्या जानेवारीत ते अधिकृत मानक झाले. त्यामुळे ब्राउझरच कॅमेरा आणि माइक वापरून थेट बोलणे करून देऊ शकतो. एक लिंक येते, तिच्यावर बोट ठेवायचे, परवानगी द्यायची, बोलणे सुरू.

आपल्या बाईसाठी याचा मोठा फायदा आहे. फोनवर नवे चित्र दिसत नाही. तिचा नंबर समोरच्याला द्यावा लागत नाही. खासगी खिडकीत उघडले तर ब्राउझरच्या इतिहासात नोंद राहत नाही. पण तिला हेही सांगायला हवे की लिंक ज्या मेसेजमधून आली तो मेसेज फोनमध्ये राहतो, आणि फोनवर कोणी पाळत ठेवणारे ॲप घातले असेल तर खासगी खिडकी काहीच झाकत नाही. अर्धी माहिती देऊन बाईला निर्धास्त करणे हे तिला न सांगण्यापेक्षा वाईट.

इथे ज्या मैत्रिणी या सेवा बनवतात, तपासतात, दुरुस्त करतात त्यांच्याशी आता बोलते. तुम्ही सुधारणा कशाला म्हणता? चित्र आणखी स्वच्छ, मागे समुद्रकिनाऱ्याचा देखावा, जास्त माणसे एका पडद्यावर. आमच्या केंद्रांना हव्या असलेल्या सुधारणा वेगळ्या आहेत.

पहिली, आवाज आधी आणि चित्र नंतर. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने येणारे चित्र तासाभरात साधारण ४५० एमबी खाते, तिचे चित्र पलीकडे जाते ते वेगळे. नुसता आवाज ४० किलोबिटने गेला तर एका बाजूचे तासाला १८ एमबी लागतात. जिच्याकडे रोजचा एक-दीड जीबीचा पॅक आहे आणि तोही मुलाच्या अभ्यासाला लागतो, तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. खोलीत शिरताना कॅमेरा बंदच असावा. तो चालू करणे तिच्या हातात असावे. नेटवर्क कमी पडले तर आधी चित्र जावे, आवाज शेवटपर्यंत टिकावा.

दुसरी, तिचा पत्ता. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून घर कळत नाही, पण शहराचा आणि इंटरनेट कंपनीचा अंदाज बांधता येतो. दोन माणसांचे बोलणे थेट एकमेकांशी जोडले तर हा पत्ता एकमेकांच्या यंत्रांना कळतो. जाणकार माणूस तो पाहू शकतो. जित्सी मीट ही खुली प्रणाली अनेक जण वापरतात. तिच्या मूळ मांडणीत खोलीत दोघेच असतील तर अशी थेट जोडणी होते, तिसरे माणूस आले की बोलणे सर्व्हरमार्फत जाते. स्वतःच्या सर्व्हरवर ती चालवली तर हा थेट मार्ग बंद करता येतो. मांडणीतला एक छोटासा बदल! आधारगृहात लपून राहिलेली बाई आणि तिला शोधणारा नवरा समेटाच्या बैठकीत समोरासमोर येतात, तेव्हा त्या बदलावर तिची सुरक्षितता अवलंबून असते. ज्या समुपदेशक बैठक घडवतात त्यांना हे माहीत नसते, आणि ज्या मुलींना माहीत असते त्यांना आधारगृह माहीत नसते.

तिसरी, कुलूप. या तंत्रात बोलणे वाटेत कुलूपबंद असते हे खरे. पण बहुतेक वेळा सर्व्हरवर पोहोचल्यावर कुलूप उघडते आणि पुढे जाताना पुन्हा लागते. म्हणून ‘पूर्ण सुरक्षित’ असे लिहिलेले वाचून समाधान मानू नका. विचारा, सर्व्हर कोणाचा? किल्ली कोणाकडे? ध्वनिमुद्रण कुठे साठते, किती दिवस, आणि पुसायचा अधिकार कोणाला?

चौथी, दार. येणाऱ्याला आधी ओसरीवर थांबवून मग आत घ्यायची सोय असते, ती नेहमी चालू हवी. एका बाईची भेट संपली की ती लिंक मेली पाहिजे. कालची लिंक उघडून आज कोणी दुसरीच्या बोलण्यात शिरता कामा नये.

पाचवी, भाषा. परवानगी मागणारा प्रश्न इंग्रजीत आला की बाई घाबरून ‘नको’ दाबते. एकदा नको म्हटले की काही ब्राउझर ते लक्षात ठेवतात आणि पुन्हा विचारत नाहीत. पत्त्याच्या पट्टीजवळच्या खुणेत जाऊन ते बदलावे लागते, हे तिला कोण सांगणार? कधी मेसेजच्या ॲपमधूनच लिंक उघडली तर ती त्या ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे कॅमेरा चालतच नाही. बाई म्हणते, माझाच फोन खराब, मलाच जमत नाही. बनवणाऱ्यांची चूक वापरणारी स्वतःच्या अंगावर घेते. बायकांना ती सवय लहानपणापासून लावलेली असते.

म्हणून सहाय्याचा मुद्दा मला सुधारणेपेक्षाही मोठा वाटतो. बनवणाऱ्याला मान आणि पगार जास्त, सांभाळणाऱ्याला कमी. हे गणित आपल्या ओळखीचे आहे, घरातही हेच चालते. स्वयंपाकघर बांधणाऱ्याचे नाव होते, ते रोज चालवणारीचे होत नाही. पण कुठलीही सेवा सांभाळण्यावर टिकते. ज्या स्काइपवरून २०१७ साली पुण्यात घटस्फोट झाला ते स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. कंपनीला परवडेनासे झाले की सेवा बंद होते. आपले केंद्र एखाद्या फुकट सेवेवर उभे केले आणि ती एका सकाळी बंद पडली, तर त्या दिवशीच्या बाईला काय सांगणार? खुली प्रणाली घेतली तर बनवलेली वस्तू हातात राहते, पण सर्व्हरचे भाडे, नवी दुरुस्ती, रात्री बंद पडली तर उठणारे माणूस, हे सगळे आपल्याला उभे करावे लागते. ते फुकट होत नाही. अनुदानाच्या अर्जात समुपदेशकाचा पगार लिहितो तसा या कामाचाही पगार लिहायला शिकले पाहिजे. सेवाभाव म्हणून एखाद्या मुलीच्या शनिवार-रविवारवर हे लादू नका.

सहाय्य म्हणजे काय, तेही सांगते. भेटीच्या आदल्या दिवशी कोणीतरी बाईला फोन करून पाच मिनिटांची रंगीत तालीम घ्यायची. ‘तुमच्या खोलीत आत्ता कोण आहे?’ हा प्रश्न थेट विचारायचा नाही, कारण शेजारचा ऐकत असतो. आधीच एक साधा शब्द ठरवायचा. तो शब्द तिने बोलण्यात आणला की समजायचे, कोणी आले आहे, विषय बदला. बोलणे तुटले तर कोणी कोणाला परत फोन करायचा हे ठरलेले असावे. तिने करायचा की आपण करायचा? भलत्या वेळी वाजलेली घंटा मार खायला कारण होऊ शकते. आणि कोर्टाची सुनावणी असेल तर तिच्या शेजारी असे माणूस हवे, जे आवाज तुटल्या क्षणी म्हणेल, ‘साहेब, प्रश्न ऐकू आला नाही.’ यातले एकही काम संगणकाला सांगता येत नाही.

आता मागण्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने व्हिडिओ सुनावणीसाठी जे आदर्श नियम केले त्यांत साक्ष देणाऱ्याच्या बाजूलाही एक समन्वयक असावा असे म्हटले आहे. तुरुंगात तुरुंग अधीक्षक, परदेशात वकिलातीचा अधिकारी, आणि स्त्रियांच्या आधारगृहात तिथली अधीक्षक. खोलीत नको ते माणूस नाही, कोणी पढवत किंवा धमकावत नाही, हे पाहणे समन्वयकाचे काम आहे. म्हणजे खोलीची कल्पना नियमात आलेली आहे. ती वापरायला लावणे आपल्या हातात आहे. प्रत्येक उच्च न्यायालय आपापले नियम करते. आपल्या वकील मैत्रिणींनी ते काढून प्रत्येक केंद्रात लावावेत.

आपली मागणी अशी असावी, की कौटुंबिक प्रकरणात बाई घरून बोलणार असेल तर तिला घराऐवजी दुसरी जागा देऊ केलीच पाहिजे. २०१५ पासून सुरू झालेली ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेलेल्या विशेष कक्षांचा अनुभव आहे. संरक्षण अधिकाऱ्यांची कार्यालये आहेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी आतून कडी लागणारी एक खोली, एक संगणक, बरे इंटरनेट आणि मदतीला एक प्रशिक्षित स्त्री, एवढे मागू या. बाई ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हणून येऊ शकेल अशा अंतरावर.

आणि ही खिडकी केंद्राच्या ऐवजी नाही, केंद्राला जोडून हवी. ‘आता सगळे ऑनलाइन झाले, मग जागेचे भाडे कशाला’ असे कोणी म्हणू लागले तर त्याला तिथेच थांबवा. पडद्यावर बाईचा चेहरा दिसतो, दंडावरचा वळ दिसत नाही. तिच्या मुलाला पलीकडच्या खोलीत खेळवता येत नाही, तिला पाणी देता येत नाही.

हिंजवडीच्या मैत्रिणींना शेवटचे सांगते. माण, मारुंजी, हिंजवडी या गावांच्या शेजारी उभ्या असलेल्या या इमारतींमधून रात्रपाळीत बसून मुली साता समुद्रापलीकडच्या माणसांना विचारतात, ‘माझा आवाज येतो का?’ त्याच रात्री पाच मिनिटांच्या अंतरावर एखादी बाई बोलायला जागा शोधत असते. तुमच्याकडे कौशल्य आहे, आमच्याकडे ती बाई येते. तुमच्यातल्या दोघींनी एका केंद्राची जबाबदारी घेतली, तिथल्या लिंक, परवानग्या, सर्व्हर महिन्यातून एकदा तपासले आणि आमच्या समुपदेशकांना शिकवले, तर पुष्कळ काम होईल. त्या बदल्यात आम्ही तुम्हाला एक गोष्ट शिकवू शकतो : चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, हे कसे ओळखायचे.

इथे मागच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत केंद्रांनी आपली अडचण लिहावी, दुसरीत ज्यांना काम करायचे आहे त्यांनी नाव आणि कुठला वार मोकळा आहे ते लिहावे. जेवणाच्या सुटीत जोड्या लावू.